अविवाहित असल्याचा दाखला

आमच्या गावाला आखातातला कुठलाही देश म्हणजे दुबई. माझे वडील ज्या देशात नोकरीला आहेत तो दुबईहून वेगळा, त्याचा राजा वेगळा, नाणं वेगळं, पण मी सुट्टीत गावी आले की पारावरच्या म्हाताऱ्या हटकून विचारायच्या, "दुबईचं पानी मानवंना का गं तुला? लई वाळलीस." सुरुवातीला मी समजावून सांगायची. नंतर कंटाळून मीही दुबईच म्हणू लागले. सासरी तर अजून माझी ओळख दुबईवाली अशीच आहे, आणि आता तिथलं कागदाचं एक चिटोरंही माझ्या नावावर नाही.

आमचं गाव शिरूर कासारच्या पुढे, माळाला. दसरा झाला की अर्धं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला निघतं. उरलेल्यांत आमच्यासारखी मेंढरं राखणारी घरं. आजोबांचा मोठा कळप होता आणि त्यातल्या प्रत्येक मेंढराच्या डाव्या कानाला त्यांनी एक खाच पाडलेली असे. दुसऱ्याच्या कळपात मिसळलेलं मेंढरू कान चाचपून अंधारातही ओळखता यायचं. मेंढी विकली की नवा मालक तिच्या कानाला आपली आणखी एक खाच पाडून घ्यायचा. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, या कळपामागं चालत मोठे झाले आणि मेंढ्या राखायलाच आखातात गेले. तिथल्या एका सधन माणसाचा शहराबाहेर जनावरांचा फार्म होता. मेंढी खोकली की ती धुळीनं खोकते की आजारानं, हे अण्णा लांबून सांगत. मालकाची त्यांच्यावर मर्जी बसली. त्यानं अण्णांना हळूहळू सगळ्या जनावरांवर देखरेखीला नेमलं आणि कागदावर असा हुद्दा दिला की ज्याच्यावर बायकोमुलांना आणता येतं. नुसत्या मेंढक्याला तिकडे ती मुभा नाही.

त्या हुद्द्याच्या जोरावर आई आणि मी विमानात बसलो तेव्हा मी तीन वर्षांची होते. तिथे राहायच्या परवान्याच्या कार्डावर माझा फोटो, खाली अण्णांचं नाव आणि नात्याच्या जागी 'मुलगी' एवढंच लिहिलेलं. ही बाई आमच्या देशात कशी काय राहते, असं कुणी विचारलं तर सरकारदरबारी तेवढं एकच उत्तर होतं.

तिथला नियम असा, की मुलगा वयात आला की त्यानं आपलं आपण बघायचं. मुलगी मात्र लग्न होईपर्यंत बापाच्या नावावर राहू शकते. पण अठरा सरल्यावर कार्डाच्या दर नूतनीकरणाला ती अजून बापाच्याच घरी आहे याचा पुरावा लागतो. तो पुरावा माझे चुलते, तात्या, दरवर्षी गावाहून पाठवत. ग्रामपंचायतीचा दाखला, मग तहसीलात शपथपत्र, मग मुंबईचे शिक्के, मग कुरिअर. पहिली एकदोन वर्षं ग्रामसेवकानं मुकाट दाखला लिहून दिला. पुढे त्यालाही राहवेना. "यंदा बी न्हाई का जमलं?" असं तो विचारायचा, आणि तात्या म्हणायचे, "तुमी दाखला द्या, जमवायचं आमी बगतो." हे फोनवर ऐकून आई आणि मी खूप हसायचो. मुलीचं लग्न व्हावं म्हणून देवाला साकडं घालणारी घरं पाहिली होती. ते झालेलं नाही म्हणून सरकारचे शिक्के गोळा करणारं घर आमचं एकटंच असावं.

आई त्या देशात वीस वर्षं राहिली आणि आमच्या इमारतीबाहेरचं तिला फारसं काही ठाऊक झालं नाही. भाजीवाल्याशी मोडकं हिंदी, बाकी सगळं मराठी. तिला साखरेचा आजार होता आणि साखरेनं आधी तिचे पाय धरले, मग डोळे. डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरायला लागलं. समोरचं माणूस दिसायचं, पण कोण आहे ते बोलल्यावर कळायचं. अण्णा पहाटे फार्मवर जात ते दिवस मावळल्यावर येत. मी सकाळी एका शाळेत बालवर्गाला मदतनीस होते. दुपारपासून मी आणि ती. गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं मी वाचायची, डॉक्टरांचं बोलणं मी उलगडून सांगायची आणि तिचं म्हणणं डॉक्टरांना सांगायची. ते सांगताना मी पुष्कळ गाळत असे, कारण ती डॉक्टरांच्या बायकोमुलांची चौकशी करून मगच स्वतःच्या डोळ्यांवर यायची.

माझं लग्न केजकडच्या एका शेतकरी घरात ठरलं. मुलगा माजलगावला साखर कारखान्यात, उसाच्या नोंदी ठेवायच्या खात्यात. आम्ही काही महिने फोनवर बोललो आणि तो मला आवडला होता. कमी बोलायचा, पण विचारलेलं विसरायचा नाही. आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख काय निघाली, हे माझ्या सख्ख्या आत्यानं विचारलं नाही, त्यानं दर वेळी विचारलं. मी त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली. साखरपुडा यंदा करू, लग्न पुढच्या उन्हाळ्यात. मधलं एक वर्ष मला आईजवळ हवं होतं. तिचं ऑपरेशन होईल, ती सावरेल, तिला गोळ्या ओळखायची काहीतरी सवय लावून देता येईल, मग मी निघेन. तो म्हणाला, चालेल. दोन्ही घरं हो म्हणाली. त्या वर्षापुरतं एकदा व्हिसाचं नूतनीकरण करायचं, शेवटचं. कार्डाची मुदत आमच्या परतीच्या तिकिटानंतर आठवड्याभरात संपत होती, म्हणून अण्णांनी साखरपुडा आणि दाखला ही दोन्ही कामं एकाच फेरीत बसवली होती. ऑपरेशन त्यापुढे महिन्याभरानं होतं. आईला विमानप्रवासाची मनाई होती, म्हणून साखरपुड्याला अण्णा आणि मी दोघंच आलो.

वैशाखातला साखरपुडा. ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या होत्या, त्यामुळे गाव भरलेलं होतं. देवळापुढे मंडप, भात, वांग्याची भाजी, बुंदी. आमच्याकडे साखरपुड्याला एखादा पुढारी असावाच लागतो, नाहीतर कार्य झाल्यासारखं वाटत नाही. मुलाकडच्या भावकीतले, तालुक्यात वजन असलेले एकजण आले होते. सगळे त्यांना साहेब म्हणत. कुंकू लागलं, साडी नेसून झाली, अंगठ्या झाल्या, आणि साहेबांनी माईक हातात घेतला.

"मंडळी, आज सगळी भावकी हजर हाय, आदरणीय पाहुणे बी हायत," ते म्हणाले. "पुढल्या वर्षी पुन्हा हाच मंडप, हीच पंगत, पुन्हा पाहुण्यांनी दुबईहून विमानानं यायचं. कशासाठी? पोरगा इथं हाय, पोरगी इथं हाय, भटजी बी इथंच जेवायलेत. माझी दोन्ही घरांना हात जोडून विनंती हाय. साखरपुड्यातच लगीन उरका आन् समाजापुढं आदर्श ठेवा."

टाळ्या पडल्या. हे आमच्याकडे नवं नाही. उन्हाळ्यात अशी लग्नं होतात, पेपरात फोटो येतात, आणि खरंच कित्येक बापांच्या मानेवरचं ओझं उतरतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या. पण आदर्श ठेवायला लोकांना नेहमी दुसऱ्याचंच घर सापडतं. टाळ्या वाजत होत्या तेव्हा मला माझं वर्ष डोळ्यांदेखत जाताना दिसत होतं आणि डोक्यावरच्या पदरामुळे मान वर करून कुणाकडे रागानं बघताही येत नव्हतं.

अण्णा उठून माझ्यापाशी आले. मेंढक्याच्या पोराला माईकवरून 'आदरणीय' म्हटलेलं ते पहिल्यांदाच ऐकत होते. नाही म्हटलं तर पाहुण्यांचा अपमान, साहेबांचा अपमान, आणि भरल्या मंडपात व्हिसा या विषयाला तोंड तरी कुठून फोडायचं. ते खाली वाकून म्हणाले, "बाई, तुज्या मनानं घे. काय म्हनतीस?"

माझ्या एका बाजूला होणाऱ्या सासूबाई, दुसऱ्या बाजूला काकू. मी म्हटलं, "आईला विचारा." आई नाही म्हणेल अशी माझी खात्री होती.

तात्यांनी व्हिडिओ कॉल लावला. आईचा चेहरा पडद्यावर आला, नेहमीसारखा थोडा बाजूला बघणारा. तात्या मोठ्यानं म्हणाले, "वहिनी, साहेब म्हनत्यात लगीनच उरकावं. तुमची मंजुरी हाय का?"

आई म्हणाली, "पोरगी काय म्हनती?"

"ती तुमच्यावर हाय."

"मग तुमी सगळे हायतच की तिथं," आई म्हणाली. "करा."

अण्णांनी माझ्यावर टाकलं, मी आईवर, आईनं परत सगळ्यांवर. असा निर्णय झाला. नवरा मुलगा समोर बसून माझ्याकडे बघत होता. त्याला वर्षाची गोष्ट माहीत होती. तो एकदा वडिलांच्या कानाशी लागला, वडिलांनी त्याच्या मांडीवर हात ठेवला.

मग सगळं भराभर झालं. मुंडावळ्या आणायला कुणीतरी मोटारसायकलवर शिरूरला गेलं. मंगळसूत्र सराफाकडून जीपनं आलं. हळद काकूच्या स्वयंपाकघरातल्या डब्यातली. कासारीण गावातच होती, तिनं हिरवा चुडा भरला. कन्यादानाला जोडपं लागतं आणि आई तर तिकडे, म्हणून तात्या आणि काकू बसले. अण्णा मंडपाच्या खांबाला धरून उभे राहिले. स्वतःच्या एकुलत्या एका लेकीच्या लग्नात त्यांच्या हाताला काही कामच उरलं नव्हतं. चुलत बहिणीनं मोबाइल उंच धरला होता आणि त्यातून आईचा आवाज येत होता, "मला नुसतं लाल लाल दिसायलंय. मधे कोन उभंय?" मधे अंतरपाट होता. तोही नव्हे, कुणाचं तरी उपरणं. त्या उपरण्याच्या अलीकडे उभी असताना मला माझं कार्ड आठवलं. नात्याच्या जागी लिहिलेला एक शब्द आठवला. मंगलाष्टकाच्या पुढच्या दोन ओळी म्हणून झाल्या की त्या देशापुरता तो शब्द खोटा होणार होता, आणि भरल्या मंडपात हे आम्हा घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी पाठवणीच्या वेळी अण्णा जीपजवळ आले. "तुजं कार्ड," एवढंच म्हणाले आणि त्यांनी जीपचं दार लावलं.

तिसऱ्या दिवशी मी आणि नवरा परतवणीला माझ्या गावी आलो तेव्हा तात्यांनी तोडगा काढून ठेवला होता. ते साहेबांकडे जाऊन आले होते. साहेब हसून म्हणाले होते, लग्न नोंदवलंय कुठं? नोंद नाही तर कागदोपत्री पोरगी कुमारीच. दाखल्याचं मी ग्रामसेवकाला सांगतो. ज्या माणसानं माईकवरून माझं लग्न लावलं, तोच ते झालं नाही असं लिहून द्यायला तयार होता, आणि दोन्ही वेळा त्याला आपण उपकारच करतोय असं मनापासून वाटत होतं. पेपरात आमच्या आदर्श विवाहाचा फोटो आला होता. त्यात आम्हा दोघांच्या मधोमध ते स्वतः उभे होते.

"तिथं कोन बगायला येतंय?" तात्या म्हणाले. "दरसालचाच कागूद हाय. एक साल अजून."

अण्णा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं शिरूरला तहसीलात गेलो. नव्या जावयानं सोबत असावं म्हणून नवराही आला. बाहेर लिंबाखाली शपथपत्रं टाइप करून देणारा एक माणूस टेबल टाकून बसतो, दरवर्षी तात्या त्याच्याकडेच जात. त्यानं मागच्या वर्षीचा मजकूर काढला, तारीख बदलली, या वेळी मी स्वतः हजर म्हणून तात्यांऐवजी माझ्या नावानं केला आणि वाचून दाखवला. 'मी शपथेवर लिहून देते की मी अद्याप अविवाहित असून सर्वस्वी वडिलांवर अवलंबून आहे.' मग त्यानं सहीसाठी कागद माझ्यापुढे सरकवला.

मी हात पुढे केला आणि बांगड्या टेबलावर वाजल्या. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवा चुडा, बोटांच्या पेरांत अजून हळद. टाइप करणाऱ्या माणसानं आधी चुड्याकडे बघितलं, मग तात्यांकडे. त्याला नवल वाटल्यासारखं दिसलं नाही. खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, हातावरून पदर घ्या. आत सही तहसीलच्या सायबापुढं करायची हाय. त्यांनी बगितलं तर मलाच बोलत्याल."

मी पदर घेतला. अगदी घेतला, खोटं कशाला बोलू. डोळ्यांपुढे आई होती, आणि तिच्यासाठी मी पदर काय, चुडाही उतरवला असता. पेन उचललं तेव्हा मागून नवऱ्याचा आवाज आला. तो चिडलेला नव्हता.

"तुला आईकडं जायचंय, जा. मी आडवत न्हाई," तो म्हणाला. "पन त्या कागदात मी कुटंच न्हाई का?"

मी तो कागद पुन्हा वाचला. त्यात तो कुठेच नव्हता. त्याच्यासोबत घालवलेले चार दिवसही नव्हते, खांबाला धरून उभे राहिलेले अण्णा नव्हते, आणि 'मधे कोन उभंय' म्हणणारी आईसुद्धा नव्हती. मला भयंकर राग आला. चार दिवसांपूर्वी मला न विचारल्यासारखं विचारून या लोकांनी मला बायको केलं होतं, आणि आता चहा प्यायला थांबावं इतक्या सहज परत कुमारी करायला निघाले होते. आणि त्या कागदाखाली तिकडे अण्णांना सही करावी लागणार होती. आजवर प्रत्येक दाखला खरा होता. या एकावर बोट ठेवलं गेलं तर अण्णांची नोकरी जाणार, आणि त्यांच्या नावावर राहणारी आईही परत येणार, ऑपरेशनच्या आधीच. हे सगळं मी तेव्हा इतकं नीट मांडून बघितलं असं नाही. आधी राग आला, कारणं मागून गोळा झाली.

मी अण्णांकडे बघितलं. ते म्हणाले, "बाई, तुज्या मनानं घे."

मंडपातही ते हेच म्हणाले होते. पण या वेळी आजूबाजूला कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "मी सही करनार न्हाई, अण्णा."

तात्या बराच वेळ मला समजावत राहिले. वहिनीचा तरी इचार कर, असं म्हणाले तेव्हा मी तिथून उठून जीपमध्ये जाऊन बसले. अण्णांनी तो कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात घातला. येताना वाटेत एकदाच बोलले. "तुज्या आईला काय सांगू?" कार्डाच्या मुदतीतल्या उरलेल्या आठवड्यापुरतं जाऊन यावं असं मनात आलं होतं, पण ऑपरेशनच्या तोंडावर तिचा हात सोडून परत निघायचं मला जमलं नसतं आणि तिलाही सोसलं नसतं. अण्णा माझं कार्ड घेऊन एकटेच परत गेले.

माझा व्हिसा रद्द करायचं कामही त्यांनाच करावं लागलं. पाहुणी म्हणून बोलावायचं तरी आधी जुनं खातं मिटवावं लागतं. त्या दिवशी त्यांचा फोन आला. मी माजलगावच्या भाड्याच्या खोलीत भाकरी थापत होते.

"झालं," ते म्हणाले. "माझ्यासमोरच कात्री घेतली. कार्डाचा कोपरा कापला. कान कापत्यात तसा."

"मग?"

"मी म्हनलं, मला ते परत द्या. त्यांच्या काय कामाचं. दिलं त्यांनी. तुजा फोटो हाय त्याच्यावर, शाळेत जायचीस तवाचा."

मी नंतर बोलते असं सांगून फोन ठेवला आणि तव्यावरची भाकरी करपून गेली. नवरा कारखान्यातून आला तेव्हा त्यानं ती करपलेली भाकरी काही न विचारता खाल्ली. त्या माणसाबद्दल मला वाटणाऱ्या मायेची सुरुवात शोधायची झाली तर मी त्या भाकरीपाशी थांबेन. पण त्याच दिवसांत मी त्याच्यावर उगाच चिडतही असे. तो तिथे मागे उभा राहून बोलला नसता तर मी आईजवळ असते, हे मनातून जात नव्हतं.

ऑपरेशन माझ्याशिवाय झालं. शेजारची मल्याळी नर्स आईसोबत गेली. तिला मराठी येत नव्हतं, आईला मल्याळम येत नव्हतं. अण्णांना त्या दिवशी अर्धी रजा मिळाली. मी फोन हातात धरून बसले होते, पण आत मोबाइल नेऊ देत नाहीत. भूल देण्याआधी आई डॉक्टरांना काहीतरी सांगत होती आणि ते कुणालाच कळलं नाही, असं त्या नर्सनं मला नंतर हिंदीत सांगितलं. आईला विचारलं तर ती म्हणाली, काय न्हाई, असंच. त्यांच्या घरी सगळे बरे आहेत ना असंच तिनं विचारलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. एक डोळा बऱ्यापैकी वाचला. दुसऱ्यात फक्त उजेड राहिला. मी असते तर वेगळं झालं असतं का? डॉक्टर नाही म्हणतात. डॉक्टरांवर माझा विश्वास आहे, तरीही हा प्रश्न मी अजून टाकून दिलेला नाही.

अण्णांनी माझ्यासाठी पाहुणीचा व्हिसा मागितला. पहिला अर्ज परत आला. दुसरा दिवाळीच्या सुमाराला मंजूर झाला. विमानतळावर मी सवयीनं रहिवाशांच्या रांगेत जाऊन उभी राहिले. तिथल्या माणसानं पासपोर्ट चाळला आणि बोटानं दुसरी, लांबलचक रांग दाखवली. वीस वर्षं मी ज्या रांगेतल्या लोकांकडे कौतुकानं बघत आले होते, सामान घेऊन घाबरलेले, पत्त्याची चिठ्ठी मुठीत धरलेले, त्यांच्यात मी शेवटी जाऊन उभी राहिले. खिडकीतल्या अधिकाऱ्यानं विचारलं, कशासाठी आलात. मी अरबीत म्हटलं, आईला भेटायला. त्यानं माझी भाषा ऐकून मान वर केली आणि शिक्का मारला.

आमच्या इमारतीचा जिना तोच, खालच्या मजल्यावरचा तळणाचा वास तोच. दार उघडं होतं. अण्णा मला आत जाऊ देईनात. "थांब, तिला येऊ दे," म्हणाले. आई भिंतीला धरून आली. तिच्या हातात ताट होतं, ताटात पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा. लग्नानंतर लेक पहिल्यांदा माहेरी आली की उंबऱ्यात तुकडा ओवाळून टाकतात. त्या देशात, चौथ्या मजल्यावर, तुकडा टाकायला बाहेर अंगण नव्हतं, म्हणून तिनं तो ओवाळून अण्णांच्या हातात दिला. शेजारची नर्स आपल्या दारात उभी राहून बघत होती.

मग आईनं हात पुढे करून माझा गळा चाचपला. मंगळसूत्राचे मणी बोटांत धरून एकेक पुढे सरकवले. पदराची गाठ सोडली आणि त्यातले तांदूळ माझ्या डोक्यावर टाकले.

"त्या दिवशी अक्षता मोबाइलवर टाकल्यात्या," ती म्हणाली. "इथंच फरशीवर पडल्या. ह्यांच्याकडून येचून घेतल्या."

मी तिच्या गळ्यात पडून रडले. मंडपात रडले नव्हते, पाठवणीला रडले नव्हते, लिंबाखालीही रडले नव्हते. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि थोड्या वेळानं तिनं विचारलं, "किती दिसांची आलीस?"

हा प्रश्न मी गावात शंभरदा ऐकला होता. सासरहून आलेल्या प्रत्येक पोरीला उंबऱ्यातच विचारतात. मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं, निदान या घरात. मी व्हिसाची मुदत सांगितली.

"बरं हाय," आई म्हणाली. "माज्या वेळंला सासू सांगायची किती राहायचं ते. आमचं आठ दिसाच्या वर कदीच गेलं न्हाई."

दुपारची जेवणं झाली. आईची गोळ्यांची वेळ झाली तेव्हा मी सवयीनं उठले आणि फडताळावरचा डबा घेतला. आत नवी पाकिटं होती, नावं वेगळी. मी पहिलं उचलून उजेडाकडे धरलं. त्याच्या कडेला कात्रीनं कापलेली एक खाच होती. दुसऱ्याला दोन खाचा, तिसऱ्याला तीन. अण्णांनी पाडलेल्या. सकाळची एक, दुपारच्या दोन, रात्रीच्या तीन.

आईनं माझ्या हातातून डबा घेतला. अंगठा पाकिटांच्या कडांवरून फिरवला, दोन खाचांचं पाकीट बरोबर बाहेर काढलं, गोळी दाबून तळहातावर घेतली आणि पाण्याशिवायच गिळली.

"तू बस," ती म्हणाली. "लांबून आलीस."